छापखान्यातली १९ वर्षे आणि १० टक्क्यांचा हिस्सा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

कोल्हापुरातील एका मुद्रण-प्रकाशन संस्थेत १९ वर्षे काम केलेल्या आणि आज तिथे महाव्यवस्थापक असलेल्या ४४ वर्षांच्या वाचकाने हे पत्र पाठवले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वाणिज्य पदवीधर असलेले हे गृहस्थ संस्थेत विक्री प्रतिनिधी म्हणून लागले आणि शालेय मार्गदर्शक पुस्तकांच्या नमुना प्रती घेऊन गडहिंग्लजपासून निपाणीपर्यंतच्या शाळा आणि दुकाने त्यांनी पायाखाली घातली. आज उद्यमनगरातला छापखाना आणि गावातले प्रकाशनाचे कार्यालय, दोन्हींचा रोजचा कारभार त्यांच्याकडे आहे. ज्यांना सगळे अण्णा म्हणतात ते मालक सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांचा मुलगा व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन दोन वर्षांपूर्वी परतला. पुस्तकांचे प्रकाशन बंद करून सगळे भांडवल पॅकेजिंगमध्ये घालावे, असे त्याचे मत आहे. त्याने पुस्तकांच्या कॉस्टिंगचा, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या खर्चाच्या हिशेबाचा, तक्ता तीन वेळा मागितला आणि पत्रलेखकांना तो अपमान वाटला. चाकणजवळच्या एका पॅकेजिंग कंपनीने त्यांना दीडपट पगारावर व्यवसाय विकास प्रमुखाचे पद देऊ केले असून महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितले आहे. हे कानावर जाताच "तू काय परका हाईस व्हय?" असे म्हणत अण्णांनी १० टक्के भागीदारी देऊ केली.

पत्रलेखक लिहितात: "पुस्तकांचे दिवस संपले आहेत हे मलाही दिसते. मुद्रणाची पदवी नसल्यामुळे बाहेर माझी किंमत किती टिकेल याची खात्री नाही. वडिलांच्या आजारपणात अण्णांनी हात दिला होता, त्यामुळे सोडून गेलो तर खाल्ल्या मिठाला जागलो नाही असे होईल. राहिलो तर निदान मालक तरी होईन. मी काय करावे?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले "राहिलो तर निदान मालक तरी होईन" हे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पुस्तकांचे भवितव्य, पदवी, अण्णांचे उपकार यांविषयी तुम्ही बराच विचार केलेला दिसतो. भागीदारीविषयी मात्र तुम्ही काहीच विचारलेले नाही. ती चांगलीच असणार, असे तुम्ही गृहीत धरले आहे.

तुमची संस्था ही अण्णा, त्यांच्या पत्नी आणि मुलगा यांची साधी भागीदारी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. अशा संस्थेला १९३२चा भारतीय भागीदारी कायदा लागू होतो आणि त्या कायद्यात भागीदाराची जबाबदारी त्याच्या हिश्श्यापुरती मर्यादित नसते. तुम्ही भागीदार असताना संस्थेने घेतलेल्या प्रत्येक देण्यासाठी सगळे भागीदार एकत्रितपणे आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही बांधील असतो. नफ्यातले तुम्हाला १० टक्के मिळतील. परंतु संस्था अडचणीत आली, तर बँक किंवा कागदाचा व्यापारी पूर्ण रकमेसाठी तुमच्याकडे येऊ शकतो. तुम्ही येण्यापूर्वीच्या देण्यांची जबाबदारी नव्या भागीदारावर आपोआप येत नाही, ही जमेची बाजू आहे. पण धाकट्या मालकांच्या मनातली पॅकेजिंगची यंत्रे कर्ज काढूनच येणार आणि ते कर्ज तुमच्या सहीनंतरचे असेल. शिवाय अशा कर्जाला बँक भागीदारांची वैयक्तिक मालमत्ता विचारात घेते, त्यामुळे तुमचे राहते घर या व्यवहाराच्या बाहेर राहील असे समजू नका.

दुसरी गोष्ट पगाराची. भागीदारीपत्रात तसे लिहिले नसेल, तर व्यवसाय सांभाळण्याबद्दल भागीदाराला मोबदला मागता येत नाही. तुम्ही आज जो महिन्याचा पगार घेता, तो भागीदार झाल्यावर तुमचा हक्क उरत नाही. त्याचे कलम पत्रात घालून घ्यावे लागते. नोकर या नात्याने तुमचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हीसुद्धा तिथेच थांबतात. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, महिन्याचे २६ दिवस धरून, त्यातले १५ दिवस, गुणिले पूर्ण झालेली वर्षे. हे वेतन ६०,००० रुपये धरले, तर १९ वर्षांचे ६ लाख ५७ हजारांच्या वर होतात. भागीदारीच्या आनंदात ही रक्कम कोणी काढत नाही आणि पुढे वाद झाला की ती "तेव्हाच मिटली होती" असे सांगितले जाते. मालक प्रेमळ असले तरी हा हिशेब त्याच दिवशी पुरा करून घ्यायचा असतो, कारण पुढे कागद मागणारी आणि देणारी माणसे वेगळी असू शकतात.

आता तुमच्या बाजूचे एक कलम सांगतो, जे तुम्हाला कोणी सांगितलेले नसावे. त्याच कायद्यानुसार रोजच्या कामातले मतभेद बहुमताने सुटतात, पण व्यवसायाचे स्वरूपच बदलायचे असेल तर सर्व भागीदारांची संमती लागते. भागीदारीपत्रात वेगळे लिहिले असेल तर गोष्ट निराळी. प्रकाशन बंद करून फक्त खोकी बनवायची, हा स्वरूप बदलण्याचाच प्रकार म्हणता येईल. म्हणजे अण्णा जो हिस्सा देत आहेत, त्यात पैशापेक्षा हा नकाराधिकार मोलाचा आहे. भागीदारीपत्राचा मसुदा हातात आला की तो अधिकार त्यात शिल्लक ठेवला आहे की एका ओळीने काढून घेतला आहे, हे सर्वांत आधी पाहा. तो काढलेला असेल, तर तुम्हाला जबाबदारी मिळते आहे आणि अधिकार मिळत नाही, हे स्पष्ट आहे.

माझे मत विचाराल, तर आहे त्या स्वरूपात हा हिस्सा घेऊ नये. संस्थेचे रूपांतर २००८च्या कायद्याखालच्या मर्यादित दायित्व भागीदारीत होणार असेल, तर विचार करता येईल, कारण तिथे सामान्यतः तुम्ही घातलेल्या भांडवलापुरतीच जबाबदारी राहते. तरीही बँकेच्या वैयक्तिक हमीवर सही करण्यापूर्वी थांबा. याहून सोपा मार्ग म्हणजे नोकरीतच राहून, नेमणूक पत्रात नफ्याशी जोडलेला ठरावीक वाटा आणि ठरावीक अधिकार लिहून घेणे. व्यवस्थापकाला मालक म्हणवून घेण्यापेक्षा कोणता निर्णय तो कोणाला न विचारता घेऊ शकतो आणि त्या निर्णयाचा फायदा त्याच्यापर्यंत किती पोहोचतो, हे महत्त्वाचे असते. तुमच्या पुढच्या १५ वर्षांचा विचार मी याच दृष्टीने करतो आहे.

"पुस्तकांचे दिवस संपले" हे तुमचे दुसरे गृहीतक. तुम्ही हे लिहिले आहे, पण मला वाटते तुम्ही ते धाकट्या मालकांकडून ऐकून घेतले आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून चालू असलेल्या आणि शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतलेल्या या गावात वाचकच नाही, असे म्हणणे कठीण आहे. राज्यात आजही दहा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. मात्र केवळ अभिमानाने प्रकाशन चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. बदलले आहे ते पुस्तक खपण्याचे गणित, आणि ते तुमच्या संस्थेने बदलले का, हे तपासायला हवे.

डेमी आकाराचे २०८ पानांचे पुस्तक घ्या. एका मोठ्या तावावर छापून घडी घातलेल्या पानांचा संच म्हणजे फर्मा; १६ पानांचा एक असे १३ फर्मे होतात. हजार प्रतींना वाया जाणारा कागद सोडून १३,००० ताव, म्हणजे ५०० तावांची एक अशा २६ रीम लागतात आणि ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद धरला तर ते वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. ऑफसेट छपाईत प्लेट (मजकूर उमटवणारा पत्रा) आणि मशीनवर काम लावण्याचा खर्च तीनशे प्रतींना आणि हजार प्रतींना जवळपास सारखाच येतो. म्हणून प्रत स्वस्त पडावी यासाठी आपल्याकडे हजार-अकराशेची आवृत्ती काढण्याची सवय लागली. या सवयीत प्रतीचा दर कमी दिसतो, पण सहाशे प्रती तीन वर्षे गोदामात पडून राहिल्या, तर त्यांत अडकलेल्या पैशाचे व्याज त्या दरात कोणीच धरत नाही. जुन्या प्रकाशकांनी यावर एक उपाय काढला होता, तो म्हणजे फर्मे छापून ठेवायचे आणि मागणीप्रमाणे शंभर-दोनशे प्रतींची बांधणी करायची. आज डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीसुद्धा काढता येतात. प्रत महाग पडते, पण पैसा अडकत नाही. कोणते पुस्तक ऑफसेटवर हजार छापायचे, कोणते डिजिटलवर शंभर आणि कोणते मुळीच छापायचे नाही, हे ठरवता येणे म्हणजे प्रकाशनाचे व्यवस्थापन. हे तुम्ही रोज करता, पण ते कागदावर उतरलेले नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

इथेच धाकट्या मालकांनी मागितलेल्या कॉस्टिंगच्या तक्त्याचा विषय येतो. तुम्हाला तो अपमान वाटला, हे मी समजू शकतो. १९ वर्षे ज्याने हिशेब सांभाळला, त्याला कालपरवा आलेल्या माणसाने हिशेब मागितला की मनाला लागते. तरीही स्पष्टच सांगतो, ती मागणी योग्य आहे. तीन वेळा मागूनही तक्ता मिळाला नाही, याचा अर्थ समोरच्या तरुण माणसाने काय घेतला असेल, याचा एकदा विचार करा. छापखाना आणि प्रकाशन एकाच छताखाली असले की बहुधा एक गोंधळ होतो. प्रकाशनाची पुस्तके छापखाना मोकळ्या वेळेत "घरच्या दरात" छापून देतो, त्यामुळे प्रकाशन आहे त्यापेक्षा फायद्यात दिसते आणि छापखाना आहे त्यापेक्षा तोट्यात. शिवाय जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके साठ्यात पूर्ण किमतीला धरली जातात. अभ्यासक्रम बदलला की त्या गठ्ठ्यांना रद्दीचा भाव येतो, पण ताळेबंदात ते तसेच उभे असतात. या दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय पुस्तके बंद करायची की चालवायची, यावर तुमचेही मत खरे मानता येत नाही आणि धाकट्या मालकांचेही नाही.

करातला एक फरकही त्या तक्त्यात यायला हवा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. वाचकाच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, पण त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजा करता, येत नाही. तो खर्चातच जातो. खोक्यांच्या धंद्यात विक्रीवर कर असल्यामुळे खरेदीवरचा कर वळता होतो. हे लक्षात न घेता दोन धंद्यांचे नफ्याचे टक्के शेजारी ठेवले, तर तुलना फसते.

पॅकेजिंगविषयी तुमचे पत्र जवळपास गप्प आहे, आणि चाकणचा प्रस्ताव तर त्याच क्षेत्रातला आहे. धाकट्या मालकांचे म्हणणे निराधार नाही. गूळ, मसाले, चपला, आसपासच्या अनेक वस्तूंना आता नीटनेटके छापील खोके लागते आणि हे काम वर्षभर चालते. पण धोका संपत नाही, त्याची जागा बदलते. प्रकाशनात पैसा साठ्यात अडकतो. पॅकेजिंगमध्ये आणि जॉबवर्कमध्ये (दुसऱ्यांची कामे छापून देण्यात) तो उधारीत अडकतो. खोक्यांचा जाड ड्यूप्लेक्स बोर्ड रोखीने घ्यायचा, डायपंचिंग (खोक्याच्या आकारात कापणे) आणि पेस्टिंगसाठी (चिकटवण्यासाठी) वेगळी यंत्रे व वेगळी माणसे ठेवायची, आणि मोठ्या ग्राहकाने माल नाकारला किंवा बिल चार महिने ठेवले तर तोंड उघडायचे नाही, अशी अनेक लहान कारखानदारांची स्थिती असते. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे बिल ४५ दिवसांच्या आत द्यावे असा २००६च्या कायद्याचा दंडक आहे आणि ते वेळेत न देणाऱ्या ग्राहकाला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. तुमच्या छापखान्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) झाली आहे का आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापला जातो का, एवढे तरी या आठवड्यात पाहून घ्या. पतसंस्था आणि कारखान्यांच्या वार्षिक अहवालांची बिले दिवाळीनंतरही लटकलेली असतात, त्या वसुलीला याचा उपयोग होतो.

पुस्तके की खोकी, असा एकच पर्याय निवडायचा आहे, हेही मला मान्य नाही. आपल्या शेजारी किर्लोस्करवाडीला १९२० साली एका कारखान्याने आपल्या ग्राहकांसाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. शंकरराव किर्लोस्करांनी तिचे रूप वाढवत नेले, १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली आणि नांगर बनवणाऱ्या गावातून मराठी घरांत वाचन पोहोचले. तो काळ वेगळा होता आणि ती माणसे वेगळी होती, हे मान्य करूनही एवढे घेता येते की, उद्योगाचा आधार आणि प्रकाशनाचे काम एकमेकांच्या विरुद्ध असलेच पाहिजेत असे नाही. तुमच्या छापखान्याने वर्षभराचा स्थिर पैसा पॅकेजिंगमधून मिळवावा आणि प्रकाशनाची यादी निम्मी करून, चालणारी पुस्तके नीट सांभाळावीत, हा मार्ग तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो मांडणारा माणूस तुम्हीच असू शकता, कारण दोन्ही बाजू तुम्ही हाताळल्या आहेत.

ही यादी निम्मी करताना गोदामाऐवजी करारांच्या फायली उघडा. प्रकाशनसंस्थेची किंमत तिच्याकडे कोणत्या पुस्तकांचे हक्क किती काळासाठी आहेत, यावर ठरते. मराठीत पुष्कळ व्यवहार एका आवृत्तीपुरते किंवा तोंडी झालेले असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांच्या हस्तांतराला लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि वेगळे काही लिहिले नसेल तर, मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो. तुमच्या यादीतल्या किती पुस्तकांचे हक्क आज खरोखर संस्थेकडे आहेत, हे कळले नाही, तर तुम्हाला देऊ केलेले १० टक्के नेमके कशाचे, हेही कळणार नाही. याच फायलींमध्ये लेखकांचे मानधन किती थकले आहे, तेही दिसेल. लेखक संस्थेला ओळखतात ते तुमच्या चेहऱ्यावरून, त्यामुळे प्रकाशन चालू राहो किंवा बंद होवो, त्या देण्याचा तुम्ही आग्रह धरावा असे मला मनापासून वाटते.

पदवीविषयी फार लिहीत नाही, कारण तुमची शंका मला पटलेली नाही. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायचे काम करणाऱ्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर हा स्वतःचा छापखाना उभा केला. अर्थात ते युग गेले आणि आज मुद्रण अभियांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये पुण्यात आहेत. पण चाकणची कंपनी तुम्हाला यंत्र चालवायला बोलावत नाही. शंभर ग्राहकांशी दर ठरवणे, कागदाचा भाव वाढला की जुना दर कसा बदलून घ्यायचा, शाळांचा जून, वार्षिक सभांचा सप्टेंबर आणि दिवाळी अंकांचा ऑक्टोबर एकाच मशीनवर कसा बसवायचा, यासाठी ती पैसे देते आहे. ज्या भागात तुम्ही खरोखर कच्चे आहात तो म्हणजे पॅकेजिंगची तांत्रिक भाषा आणि संगणकावरचे कॉस्टिंग. दोन्ही काही महिन्यांत शिकता येतात आणि राहिलात तरी तुम्हाला ती शिकावीच लागतील.

आता मिठाला जागण्याचे. वडिलांच्या आजारपणात अण्णांनी केलेली मदत तुम्ही विसरला नाहीत, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसते, आणि ते विसरूही नये. परंतु त्या उपकाराची फेड म्हणून माणसाने आपल्या नोकरीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशी अपेक्षा स्वतः अण्णांचीही असेल असे मला वाटत नाही. तुम्ही १९ वर्षांत संस्थेला जे मिळवून दिले, तेही त्यांच्या लक्षात असणारच. कृतज्ञता दाखवायची असेल, तर अण्णांना आज एका गोष्टीची खरी गरज आहे, ती म्हणजे मुलाने आणि तुम्ही एका टेबलावर बसून एकाच आकड्यांवर बोलणे. ते तुम्ही घडवून आणलेत, तर राहा किंवा जा, तुमच्यावर त्यांचे कसलेही देणे राहणार नाही. अण्णांच्या प्रस्तावाला "बघू" म्हणून गप्प राहणे आणि एक दिवस राजीनामा ठेवणे, यात मात्र मी तुमच्या बाजूने बोलू शकणार नाही.

चाकणच्या प्रस्तावाविषयी थोडेच लिहितो, कारण तुम्हीही तो थोडाच तपासला आहे. दीडपट पगारातून पुण्याकडचे घरभाडे आणि दोन घरांचा खर्च वजा करा. मुलगी दहावीत असताना कुटुंब लगेच हलणार नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. पगारातला किती भाग ठरलेला आणि किती विक्रीवर अवलंबून, आधी या पदावर कोण होते आणि ते का गेले, पहिल्या वर्षी किती नवे ग्राहक आणायची अपेक्षा आहे, हे लेखी विचारा. एक दिवस कारखान्यात घालवा, आणि तो साहेबांच्या केबिनमध्ये न घालवता माल जिथून बाहेर पडतो तिथे घालवा. नाकारलेल्या मालाचे ढीग किती आहेत यावरून कंपनीची तब्येत कळते. तुमच्या जुन्या ग्राहकांची यादी सोबत आणावी असे कोणी सुचवले, तर तिथेच नकार द्या. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नये, अशी अट १८७२च्या करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे सहसा टिकत नाही, पण संस्थेची गोपनीय माहिती नेण्याची मुभा त्यातून मिळत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कोल्हापुरात ती गोष्ट लपत नाही.

मग करायचे काय? चाकणला आजच कळवा की विचार गंभीरपणे चालू आहे आणि उत्तरासाठी आणखी १५ दिवस हवेत. ज्यांना तुम्ही खरोखर हवे आहात, ते एवढे थांबतात. या दिवसांत गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक पुस्तकाचा तक्ता करा: छापल्या किती, विकल्या किती, परत आल्या किती, सूट किती दिली, मानधन किती, आणि छपाई बाहेरून करून घेतली असती तर कोणत्या दराने. तो तक्ता धाकट्या मालकांना स्वतः नेऊन द्या, चौथ्यांदा मागण्याची वाट पाहू नका. त्यानंतर अण्णा आणि ते दोघे समोर असताना तीनच गोष्टी विचारा. प्रकाशनाची यादी ठरवण्याचा आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च करण्याचा अधिकार मला लेखी मिळेल का? नफ्यातला वाटा कोणत्या हिशेबावर आणि कोणत्या तारखेला मिळेल? आणि अण्णा कामातून बाजूला झाले, तर हे कागद तसेच राहतील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अण्णांपेक्षा त्यांच्या मुलाच्या तोंडून ऐका, कारण पुढची वर्षे तुम्हाला त्याच्याबरोबर काढायची आहेत.

तिन्हींना होकार आला आणि तो मसुद्यात उतरला, तर माझा कौल राहण्याकडे आहे. तुमच्या हातात मुद्रण आणि प्रकाशन दोन्ही आहेत, अशी जागा चाकणला मिळणार नाही. तो मसुदा संस्थेच्या सीएकडून न तपासता, स्वतःची फी भरून दुसऱ्या सीएला आणि वकिलाला दाखवा. ज्या वाचकांना कौटुंबिक संस्थेत अशाच हिश्श्याचा प्रस्ताव आला आहे, त्यांनीही एवढा खर्च टाळू नये.

होकार केवळ तोंडी राहिला, किंवा "आपल्यात कागद कशाला" असे उत्तर आले, तर चाकणचे पद स्वीकारा आणि मनात अपराधीपणा ठेवू नका. नोटिशीची तीन महिन्यांची मुदत पूर्ण करा. शाळांचा हंगाम नुकताच उरकला असल्याने तेवढ्या काळात वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंक दोन्ही मशीनवरून उतरतील. जाण्यापूर्वी ग्राहकांची थकबाकी, कागदाचा साठा आणि लेखकांचे करार यांची यादी धाकट्या मालकांच्या सहीने त्यांच्या ताब्यात द्या, ३० सप्टेंबरपर्यंतचे मानधन लेखकांच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करा, आणि ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज राजीनाम्यासोबतच द्या.